वसईचा कोळीवाडा बघायला जाताय? वार नका बघू, तिथी बघा

वसईला किल्ला बघायला येणारे भरपूर. लोकलने येतात, किल्ल्यात दोन तास फिरतात, पडक्या चर्चमध्ये फोटो काढतात आणि परत जातात. किल्ल्याच्या अंगाला लागून दोन जुने, अजून चालू असलेले कोळीवाडे आहेत, पाचूबंदर आणि किल्लाबंदर, तिकडे बहुतेकांची पावलं वळतच नाहीत. जे वळतात ते नेमके ओहोटीला पोचतात, बोटी चिखलात कलंडलेल्या, बंदरावर चार कुत्री आणि जाळं शिवत बसलेला एखादा म्हातारा, मग म्हणतात इथे तर काहीच नाही.

मी घाटावरचा. नोकरीसाठी वसईत आलो आणि इथलाच झालो. आता गावाकडचे, ऑफिसातले, कोणाच्या तरी ओळखीचे असे सगळे पाहुणे ‘कोळीवाडा दाखव ना’ म्हणतात आणि प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. पहिल्यांदा येणाऱ्यासाठी आहे हे, वसईकरांनी हसू नये.

१. आधी कुठे काय आहे ते समजून घ्या

वसई रोड हे रेल्वे स्टेशन. तिथून पश्चिमेला काही किलोमीटरवर जुनं वसई गाव, पारनाका, बाजार वगैरे. त्याच्या पुढे किल्ला. किल्ल्याच्या मधून जो डांबरी रस्ता जातो तो सरळ खाली किल्लाबंदरला उतरतो, म्हणजे उल्हास नदीची खाडी जिथे समुद्राला मिळते त्या तोंडावर. पाचूबंदर किल्ल्याच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला. दोन्ही एकमेकांपासून लांब नाहीत, चालता येतं, पण उन्हाळ्यात नको.

दोन्हीकडे ख्रिस्ती कोळी पण आहेत आणि हिंदू कोळी पण. वसईबाहेरच्या लोकांचा इथे हमखास घोळ होतो. वसईतला ख्रिस्ती माणूस दिसला की सगळे एकच समजतात. तसं नाहीये. सामवेदी वेगळे, वाडवळ वेगळे, कोळी वेगळे, बोली वेगळी, पोशाख वेगळा, लग्नातल्या रीती वेगळ्या. बागायत करणाऱ्या सामवेदी आजीला ‘आज म्हावरं (म्हणजे मासळी) काय मिळालं’ असं विचारू नका, ती मनातल्या मनात तुम्हाला पार धुऊन काढेल.

२. दिवस ठरवणं, हेच खरं काम

बाकी सगळं वाचलं नाही तरी चालेल पण हे वाचा.

आपण शहरातले लोक रविवार बघून जातो. कोळीवाडा रविवारवर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतो. इथली बरीच मासेमारी डोल जाळ्याची आहे. डोल म्हणजे भलं मोठं, मोज्यासारखं जाळं, एका टोकाला रुंद तोंड आणि दुसरीकडे निमुळतं होत गेलेलं, शेवटी अगदी बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं. समुद्रात रोवलेल्या खुंटांना ते बांधून ठेवतात. जाळं कुठे जात नाही, पाणी त्यातून वाहतं आणि पाण्याबरोबर वाहत आलेले बोंबील, मांदेली, करंदी, जवळा आत अडकतात. थोडक्यात सगळी मदार पाण्याच्या ओढीवर. ओढ जोरात तर मासे जास्त.

आता ओढ कधी जोरात? पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी सुस्त असतं, त्याला भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत डोलवाल्यांची आवक पडते, बरेच जण मग जाळी दुरुस्त करतात, इंजिनाची कामं काढतात, झोपतात. तुम्ही भांगाच्या दिवशी गेलात आणि बंदर शांत मिळालं तर त्यात बंदराची चूक नाही.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे, कॅलेंडर असेल तर मोबाईलसुद्धा लागत नाही. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. अष्टमी म्हणजे आठ, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे अष्टमीला सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला तीन. द्वादशीला नऊ. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास जातं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा, शुद्ध पक्ष वद्य पक्ष दोन्हीला हिशोब तोच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी मुंबईचं भरतीचं वेळापत्रक नेटवर बघा, वसईत फार फरक पडत नाही.

हे का महत्त्वाचं, तर खाडीच्या तोंडाशी गाळ आहे. पाणी चढलेलं असेल तेव्हा बोट किनाऱ्याला लागते, उतरलेलं असेल तेव्हा बाहेरच थांबते. म्हणून बोटी यायची गडबड भरतीच्या आधीच्या तास-दोन तासांत बघायला मिळते.

दोन्ही गोष्टी जुळवल्या की उत्तर आपोआप येतं: एकादशी ते त्रयोदशी. पाण्याला ओढ यायला लागलेली असते आणि भरती सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान पडते, म्हणजे सकाळची लोकल पकडून आरामात वेळेवर पोचता येतं. वर एकादशीला निम्म्या गिऱ्हाइकाचा उपास, त्यामुळे भाव पण जरा माणसात असतो. वाराचा हिशोब फक्त भावासाठी करा. रविवार, बुधवार, शुक्रवार भाव चढा, सोमवार, गुरुवार, शनिवार जरा बरा. श्रावणात आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी तर काय, तुम्हाला माहितीच आहे.

आणि मोठा सापळा: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना या ६१ दिवसांत बंदी असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. तेव्हा बोटी किनाऱ्यावर ओढून, ताडपत्रीने शाकारून ठेवलेल्या असतात. पावसात किल्ला हिरवागार आणि सुंदर दिसतो हे खरं, त्यासाठी जरूर या, पण ताजे बोंबील मिळतील या आशेवर पिशवी घेऊन येऊ नका. बंदी उठल्यावर पण दर्या शांत व्हायला वेळ लागतो, बरेच जण नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय बोट काढत नाहीत. ख्रिस्ती कोळी फादरांकडून होड्यांना आशीर्वाद घेतात. या दिवसांत आलात तर गावाचा थाट वेगळाच असतो, फक्त पाहुणा म्हणून बाजूला उभं राहून बघायचं.

सुकी मासळी बघायची असेल तर दिवाळीनंतर ते मे. एप्रिल-मे मध्ये आगोटची खरेदी जोरात असते, पावसाळ्याची बेगमी करायला बायका लांबून येतात.

३. बरोबर काय घ्यायचं

- सुट्टे पैसे. दहा, वीस, पन्नास, शंभरच्या नोटा. यूपीआयचा कोड बऱ्याच जणींकडे असतो पण हात ओले, मोबाईल टोपलीखाली, नेटवर्कचा पत्ता नाही, त्यात पाचशेची नोट पुढे केली की मागची चार गिऱ्हाइकं तुमच्यावर वैतागतात.
- मासे घ्यायचे असतील तर घट्ट झाकणाचा डबा किंवा थर्माकोलचा छोटा खोका, दोन जाड पिशव्या, जुने पेपर.
- पट्ट्याच्या रबरी चपला. बूट नको, पांढरे बूट तर नकोच नको. बंदरावर पाणी, खवले, ऑइल सगळं असतं.
- टोपी, पाण्याची बाटली. किल्ल्यात सावली आहे पण दुकान शोधायला बाहेर यावं लागतं.
- ओळखपत्र. कोणी मागेलच असं नाही, पण किनारपट्टीचा भाग आहे, असलेलं बरं.
- किल्ल्यात ट्रायपॉड, ड्रोन, प्री-वेडिंग असलं काही करायचं असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढून, कागद हातात घेऊन या. किल्ला संरक्षित स्मारक आहे. ‘सगळेच करतात’ हे उत्तर रखवालदारासमोर चालत नाही. साधं फिरायला काही लागत नाही.

परफ्यूम मारून येऊ नका. उपयोग शून्य.

४. पोचायचं कसं

चर्चगेटकडून विरार लोकल. सकाळी गर्दी सगळी मुंबईच्या दिशेने असते, तुम्ही उलट जाताय, त्यामुळे विरार लोकलबद्दल जे काही भयंकर ऐकलं असेल ते सकाळी इकडे येताना लागू नाही, बसायला मिळतं. संध्याकाळी मात्र मुंबईकडून येणारी विरार लोकल म्हणजे विरार लोकलच, तेव्हा येऊ नका. दिवा, डोंबिवली, पनवेलकडच्यांना दिवा-वसई मार्गावरच्या गाड्या आहेत पण त्या थोड्या आणि लांब अंतराने, वेळ बघूनच घरातून निघा.

वसई रोडला पश्चिमेला उतरा. पूर्वेला उतरलात तर पूल चढून परत या, रिक्षावाल्याच्या नादी लागून पूर्वेकडून वळसा घालू नका. पश्चिमेला महापालिकेच्या परिवहनच्या बस मिळतात, शेअर रिक्षा पण मिळतात. शेअर रिक्षा बहुतेक वसई गावापर्यंत, पारनाक्यापर्यंत जाते, पुढे किल्ल्याला दुसरी रिक्षा किंवा पायी. रिक्षात बसायच्या आधी ‘किल्ला’ आणि ‘किल्लाबंदर’ यातलं नक्की काय ते सांगा. किल्ला म्हटलं की अलीकडेच सोडतात आणि मग बंदरापर्यंत तुम्ही चालत.

भाईंदरवरून २०२४ पासून रो-रो बोट पण सुरू झाली आहे, खाडी पार करून थेट किल्ल्याजवळच्या जेटीला सोडते, गाडी सोबत असेल तर घोडबंदरचा मोठा वळसा वाचतो. गाडी नसली तरी एकदा याने या, पाण्यातून वसई येताना बघणं म्हणजे किल्ला इथेच का बांधला ते लगेच कळतं. वेळा बदलत असतात, आदल्या दिवशी खात्री करून घ्या.

५. किल्ला घाईत उरकू नका, पण त्यातच अडकू पण नका

सकाळी लवकर आलात आणि भरतीला अजून वेळ असेल तर आधी किल्ला. नाही तर आधी बंदर, नंतर किल्ला. भिंती चारशे वर्षं थांबल्यात, अजून दोन तास थांबतील, बोट थांबत नाही.

इतिहास अगदी थोडक्यात, कारण बाकी बोर्डवर आहे. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी दोनशे वर्षं इथे राहून तटबंदीच्या आत अख्खं शहर उभं केलं, चर्च, मठ, वाडे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने प्रचंड किंमत मोजून किल्ला घेतला, तटाखाली सुरुंग लावून भिंत पाडावी लागली होती. इथल्या चर्चमधल्या घंटा मग महाराष्ट्रभर देवळांत गेल्या, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळाची घंटा त्यातलीच. १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी जो तह केला तो पण वसईचाच, शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला.

आत चर्चच्या फरशीवर पोर्तुगीज थडगी आहेत, दगडात कोरलेली अक्षरं आणि घराण्यांची चिन्हं. त्यावर उभं राहून फोटो काढू नका, खाली माणसं पुरलेली आहेत. नागेश महादेवाचं देऊळ, वज्रेश्वरीचं देऊळ, चिमाजी आप्पांचा पुतळा हे सगळं आतच. संत गोन्सालो गार्सिया हे वसईतलेच, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले, १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. वसईच्या ख्रिस्ती घरांत हे नाव किती जवळचं आहे ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही.

दर्या दरवाज्याकडे नक्की जा. तिथून बाहेर पडलं की समोर बंदर. किल्ल्याचे राजे बदलले, पोर्तुगीज गेले, मराठे आले, इंग्रज आले, पण त्या दरवाज्याबाहेर होड्या तेव्हाही होत्या आणि आजही आहेत. माझ्या मते किल्ला बघायची योग्य दिशा हीच, भुई दरवाज्याने आत आणि दर्या दरवाज्याने बाहेर. बहुतेक लोक अर्ध्यातून मागे फिरतात.

सापळा: तटावर गवतात पायवाटा दिसतात, पावसाळ्यात आणि नंतर त्यांच्यावर जाऊ नका. जुन्या विहिरी आहेत, साप आहेत, आणि दगड सुटे आहेत. संध्याकाळी अंधार पडायच्या आत बाहेर.

६. बंदरावर काय बघायचं

बोट येताना दिसली की लगेच पुढे धावू नका. जेटीच्या कडेला एक जागा धरा, कामाच्या वाटेत नसलेली, आणि तिथेच उभे राहा. दहा मिनिटांत लक्षात येतं कोण काय करतंय. सुकाणूवर किंवा पुढे उभा राहून हुकूम सोडणारा तो तांडेल. बोटीचा मालक नाखवा, तो बोटीवर असेलच असं नाही. बाकी खलाशी, त्यात आता बाहेरगावचे, बाहेरच्या राज्यातले पण बरेच. बोटीवरून टोपल्या उतरल्या की कारभार बायकांच्या हातात जातो. निवडणं, वाटे लावणं, भाव करणं, पैसे मोजणं, सगळं त्याच बघतात, आणि इतक्या वेगात की तुमचे डोळे पुरत नाहीत.

निवडताना जरूर बघा. डोल जाळ्यातला ढीग म्हणजे सगळा मिसळ माल, बोंबील, मांदेली, करंदी, जवळा, मध्येच एखादा वाकटी, एखादं पिल्लू पापलेट, दोन-चार खेकडे, आणि हल्ली प्लास्टिक. हो, प्लास्टिक भरपूर, वेफर्सची पाकिटं, दुधाच्या पिशव्या, सगळं आपण शहरातून पाठवलेलं. बायका एका हाताने मासा या टोपलीत आणि दुसऱ्या हाताने पाकीट मागे फेकत असतात, बोलणं चालूच.

मग सुकवणीकडे जा. बांबूच्या वलांड्या उभ्या केलेल्या असतात आणि त्यावर बोंबील टांगलेले. टांगायची पद्धत बघण्यासारखी आहे: दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक या बाजूला एक त्या बाजूला. ना गाठ ना सुतळी. बोंबलाचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात त्यामुळे जोडी सुटत नाही. एखादी मावशी हे करत असेल तर तिच्या बोटांकडे बघा, बोलता बोलता दहा जोड्या चढतात. ऊन चांगलं असेल तर दोन-तीन दिवसांत माल तयार, आणि मध्येच अवकाळी पाऊस आला तर सगळा माल मातीत जातो. म्हणून ढग आले की सगळा कोळीवाडा आकाशाकडे बघत असतो, तेव्हा गप्पा मारायला जाऊ नका. जवळा आणि करंदी जमिनीवर पसरून सुकवतात, त्यामुळे चालताना खाली बघा. तुम्हाला जी मोकळी जागा वाटते ती कोणाची तरी महिन्याची कमाई असू शकते.

ओहोटीला आलात तरी अगदीच वाया नाही. बोटींचे तळ तेव्हाच दिसतात, डागडुजी तेव्हाच चालते, रंग, लाकूडकाम, फटी बुजवणं. फक्त चिखलात उतरू नका. वरून घट्ट दिसतो, दोन पावलांत गुडघ्यापर्यंत जाता आणि चप्पल तिथेच राहते.

७. वागायचं कसं

कोळीवाडा हे लोकांचं राहतं घर आहे आणि कामाची जागा पण आहे. पर्यटनस्थळ हे आपण म्हणतो, ते नाही म्हणत.

फोटो विचारून. ‘मावशी, एक फोटो काढू का?’ इतकं पुरे. नाही म्हणाली तर हसून पुढे व्हा, दुरून झूम करून काढू नका, त्यांना कळतं. लहान मुलांचे, आंघोळीचे, दारातले फोटो नकोच. काही घेतलंत, चार वाक्यं बोललात, की बऱ्याचदा त्याच म्हणतात ‘आता काढ रं फोटू’.

‘रं’, ‘गो’ लावून बोलल्या, अरेतुरे केलं तर राग मानू नका, ती रीत आहे, आपुलकीचीच. तुम्ही मात्र मावशी, काकी, काका, दादा हेच म्हणा. नाखवा म्हटलेलं माणसाला आवडतं, पण पोराटोराला नाखवा म्हटलंत तर बाकीचे हसतील.

पसरलेलं जाळं ओलांडू नका, वळसा घालून जा. होडीवर विचारल्याशिवाय चढू नका, आणि ‘चढ’ म्हटलं तर आधी चप्पल काढा. त्यांच्यासाठी ती लक्ष्मी आहे.

नाकाला रुमाल लावू नका. खरंच नाही सहन होत तर वारा जिकडून येतो त्या बाजूला जाऊन उभे राहा, कोणाला कळणार पण नाही.

‘आम्हाला समुद्रात घेऊन चला ना, पैसे देतो’ हे सगळे विचारतात. नाही नेत आणि नेऊ पण शकत नाहीत. २६/११ नंतर बोटींची नोंदणी, खलाशांची ओळखपत्रं, सगळं कडक झालंय, मासेमारीच्या बोटीवर नोंद नसलेला माणूस सापडला तर त्रास नाखव्याला होतो, तुम्हाला नाही. पाण्यात जायची हौस रो-रोने भागवा.

गप्पा रंगल्या तर बहुतेक वेळा गाडी ‘मासळी कमी झाली’ या विषयावर येते, मग मोठं जाळं गोल टाकून सगळा थवा उचलणाऱ्या पर्ससीन बोटी, एलईडी लावून केलेली मासेमारी, डिझेलचे भाव, डहाणूजवळचं वाढवण बंदर. तिथे तुमचं मत द्यायची गरज नाही. ऐका. पेपरात दोन कॉलममध्ये येतं त्यापेक्षा बरंच जास्त कळतं.

८. मासे घ्यायचे असतील तर

बारीक मासळी किलोवर नाही, वाट्यावर मिळते. समोर छोटे छोटे ढीग लावलेले असतात, एक ढीग म्हणजे एक वाटा. भाव आधी विचारा, मग हात लावा. उलटं केलंत तर पहिलं वाक्य ऐकायला तयार राहा. घासाघीस करायची, पण थोडी, आणि हसत. ‘शेवटचं सांगा मावशी’ म्हणून दोन मिनिटं उभं राहिलं की बऱ्याचदा भाव तोच राहतो पण वर चार मांदेल्या जास्त पडतात, आणि माझ्या मते तोच खरा फायदा.

ताजं ओळखायचं कसं: कल्ले लाल, डोळे फुगीर आणि चकचकीत, अंग दाबलं की परत वर येणारं. पापलेट असेल तर कल्ल्याजवळ दाबून बघा, पांढरं दुधासारखं पाणी आलं तर ताजं, लालसर मळकट आलं तर सोडा. बोंबील पांढरा गुलाबीसर आणि चमकदार हवा, पिवळट आणि लिबलिबीत नको. कोळंबीचं डोकं अंगाला घट्ट हवं. खेकडे अमावास्येच्या जवळ घ्या, तेव्हा भरलेले असतात असं इथे सगळेच मानतात, पौर्णिमेचे पोकळ.

बंदरावर स्वस्त असतं हा समज अर्धाच खरा. बारीक मासळी नक्कीच ताजी आणि स्वस्त. पण पापलेट, सुरमई, मोठी कोळंबी हा माल व्यापाऱ्याकडे जायचा असतो, त्याचा भाव बाजाराच्या आसपासच असतो, कधी कधी मिळतच नाही. पापलेटसाठी वसईपर्यंत येऊ नका. बोंबील आणि मांदेलीसाठी या.

सुके बोंबील घेताना एक मोडून बघा, कट्कन मोडला पाहिजे. वाकला तर आत ओल आहे, घरी बुरशी येते. पांढरट सोनेरी रंग चांगला, काळे डाग नको. सोडे महाग वाटतील, पण किती कोळंबी सोलून सुकवल्यावर मूठभर सोडे होतात ते आठवा.

९. जेवायचं कुठे

कोळीवाड्यात रांगेने हॉटेलं आहेत अशी कल्पना करून येऊ नका. ओळखीतून कोणी घरी जेवण करून देत असेल तर आदल्या दिवशी सांगून, माणसं मोजून सांगून जा, आणि सांगितलेल्या भावात मग काटछाट करू नका. नाही तर वसई गावात परत या, तिथे साध्या खानावळी मिळतात. जाता जाता सुकेळी विचारा, राजेळी केळी सुकवून केलेली, वसईची खासियत. ज्यांच्या घरी मासे चालत नाहीत त्यांच्यासाठी न्यायला उत्तम.

१०. मासे घेऊन लोकलने परत

बंदरावर बर्फ मिळतो, थोडा मागून घ्या. खाली पेपर, मग बर्फ, मग पिशवीत बांधलेले मासे, वर परत बर्फ, झाकण घट्ट. परतीला दुपारी साधारण डब्यात चढलात आणि डबा गळत नसेल तर कोणी काही म्हणत नाही. पण गळती पिशवी, किंवा सुक्या बोंबलाची दोन किलोची थैली असेल तर सरळ लगेजच्या डब्याजवळ जा, तिकीट कसलं लागतं ते आधी खिडकीवर विचारून घ्या. तिथे कोळणींच्या टोपल्या असतात, त्यांच्यात तुमची पिशवी खपून जाते. एसी लोकलने सुकी मासळी नेऊ नका, बंद डबा आहे, जरा दुसऱ्यांचा विचार करा.

घरी पोचल्यावर बोंबील लगेच साफ करा, उद्यावर टाकू नका, अंगात पाणी फार असलेला मासा आहे, फ्रीजमध्ये पण लवकर बसतो. डोकं-शेपटी काढून मधून चिरा, दोन स्वच्छ फडक्यांच्या मध्ये ठेवून वर पाटा किंवा पाण्याने भरलेलं पातेलं ठेवा, अर्धा-पाऊण तास. पाणी निघून गेलं की मग हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ आणि वरून रवा-तांदळाचं पीठ. न दाबता तव्यावर टाकलेत तर अर्ध्या वाटेत मोडतात आणि मग तुम्ही म्हणता बोंबील चांगले नव्हते.